माडाचे दोन वैरी : गेंड्या आणि सोंड्या



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे, वाङ्मयावर बोलावे, फार तर आरोग्यावर बोलावे, असा प्रघात आहे. दोन भुंग्यांची तुलना ऐकावयास लोक संध्याकाळी घर सोडून येतील काय, अशी शंका आम्हांस होती. आपण आला आहात, तेव्हा ती शंका येथेच सोडून देतो. घोडबंदरचे नाव निघाले म्हणजे वक्ता सहज किल्ल्याकडे वळतो. पण १७३७ साली मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, ही गोष्ट येथील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ती आम्ही पुन्हा सांगून काय मिळवणार? त्याच किल्ल्याखाली खाडीच्या कडेने, काशी-मिऱ्याच्या जुन्या वस्तीत आणि तिकडे उत्तन-डोंगरीच्या बाजूला जे माड उभे आहेत, त्यांच्यावरचे संकट मात्र फार थोड्यांना नीट ठाऊक आहे.

गावठाणातल्या घरापाशी चार माड असतात, बहुधा आजोबांनी लावलेले. नव्या इमारतींच्या आवारांतही, शोभेसाठी का होईना, माड किंवा त्याचे भाऊबंद लावलेले असतात. त्यांतला एखादा, दिसावयास धडधाकट असलेला, एके दिवशी मान टाकतो. मधली सुरळी वाळते, शेंडा एका अंगाला कलतो, आणि पाहता पाहता झाड संपते. मग कोणी म्हणते खारे पाणी लागले, कोणी म्हणते बांधकामात मुळे तुटली, कोणी दृष्ट लागली म्हणते. पहिली दोन कारणे अगदीच खोटी नव्हेत. खाडीकाठी तीही घडतात. एवढ्यात कोणीतरी दिव्याखाली सापडलेला एक काळा, शिंगवाला भुंगा आणून दाखवतो आणि सर्वांची खात्री पटते की हाच तो मारेकरी. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, की तो भुंगा निर्दोष नाही, परंतु मारेकरी तो नव्हे. मारेकरी दुसराच आहे, आणि पहिल्याला चिरडून आपण स्वस्थ बसतो म्हणून दुसऱ्याचे फावते.

दोघांची ओळख करून घेण्याआधी खुद्द माडाविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्यावाचून पुढचे कळावयाचे नाही. आंब्याची फांदी तोडली तर बाजूने दुसरी फुटते. माडाला ती सोय नाही. त्याला वाढण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे शेंड्याच्या गाभ्यातला कोवळा, पांढरा कोंब. तो गेला की माड गेला, मग खाली साठ फुटांचे खोड कितीही भक्कम असो. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. आंब्याच्या खोडाला कोयता लागला तर वर्षा-दोन वर्षांत कडेने साल येऊन जखम भरू लागते, कारण सालीखाली नवे लाकूड घडवणारा जिवंत थर असतो. माडाच्या खोडात तसा थर नाही. म्हणून त्याच्या खोडाला पडलेली खाच कधीच भरून येत नाही. वीस वर्षांपूर्वी चढण्यासाठी पाडलेला टप्पा आजही तसाच उघडा दिसतो, तो याचमुळे.

आता पहिला भुंगा. आपल्याकडे याला गेंडा किंवा गेंड्या भुंगा म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. रंग काळा, तुकतुकीत. लांबी दीड ते दोन इंच. डोक्यावर मागे वळलेले शिंग. नराचे शिंग लांब, मादीचे आखूड. मादीच्या पाठीमागच्या टोकाशी तांबूस केसांचा झुपका असतो, त्यावरूनही ती ओळखता येते. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याच्याही डोळ्यांसमोर गेंडाच आला. हा निशाचर आहे. रात्री उडत येतो, झावळ्यांच्या बेचक्यात उतरतो, आणि तेथून गाभ्याकडे भोक पाडीत जातो. चघळलेला चोथा तो भोकाच्या तोंडाशी ढकलून ठेवतो. त्याला हवा असतो रस. चोथा टाकून देणारा हा खवय्या आहे.

त्याचे काम ओळखण्याची खूण मोठी गमतीची आहे. मुले पतंगाचा कागद घडी घालून कातरतात आणि उलगडला की दोन्हीकडे सारखी नक्षी दिसते, तसाच हा प्रकार. झावळी सुरळीत मिटलेली असताना भुंगा तिच्यातून आरपार भोक पाडतो. पुढे ती झावळी उलगडते तेव्हा दोन्ही अंगांना कात्रीने कापल्यासारखे तिरपे, त्रिकोणी काप दिसतात. चांगल्या माडाला वर्षाला साधारण बारा नव्या झावळ्या येतात, म्हणजे महिन्याला एक. तेव्हा खाली उभे राहून वरून किती झावळ्यांनंतर कापलेली झावळी आहे हे मोजले, तर भुंगा किती महिन्यांपूर्वी येऊन गेला याचा अदमास लागतो. गेल्या पावसाळ्यातली त्याची हजेरी यंदाच्या वैशाखात वाचता येते. एवढा उघड पुरावा ठेवणारा गुन्हेगार विरळा!

नुकसान किती? पोय उमलण्याआधीच त्याने पोखरली तर त्या पोयीचे नारळ गेले. पाने कापली गेल्याने झाडाची अन्न करण्याची शक्ती कमी होते. उत्पन्नात सुमारे १० टक्के घट येते असे आपल्याकडील कृषिग्रंथ सांगतात. दोन-तीन वर्षांच्या रोपाच्या कोंबापर्यंत तो पोचला तर रोप मरतेही. पण वाढलेला माड एकट्या गेंड्याने मेला, असे सहसा घडत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. हा भुंगा माडावर जन्मत नाही. त्याची मादी अंडी घालते ती शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यावर, कुजलेल्या पालापाचोळ्यात, आणि विशेष आवडीने कुजणाऱ्या माडाच्या ओंडक्यात. दहाएक दिवसांत अंडी फुटतात. अळी पांढरट, वाढली की अंगठ्याहून जाड, अर्धचंद्रासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची आणि सहा पायांची. ती तीन-चार महिने कुजका पाला खात पडून राहते. जिवंत माडाला तिचा काडीचा उपद्रव नाही. मग कोष, आणि कोषातून भुंगा. म्हणजे या प्राण्याचे बालपण निरुपद्रवी आणि तारुण्य घातक.

दुसऱ्याचे याच्या नेमके उलट आहे.

दुसऱ्याला सोंड्या म्हणतात. रंग तांबूस-तपकिरी, गंजलेल्या लोखंडासारखा. पाठीवर काळे ठिपके. लांबी सव्वा ते दीड इंच. आणि डोक्यापुढे लांब, खाली वाकलेली सोंड. नराच्या सोंडेवर केसांचा लहानसा कुंचा असतो. गेंड्याशेजारी ठेवला तर हा दिसतो अगदीच सौम्य. १९०६ साली हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी आपल्या शेतीच्या किडींवरील ग्रंथात नारळाचा शत्रू म्हणून याची नोंद केली. पण शास्त्रज्ञांनी नोंद करणे वेगळे आणि वाडीतल्या माणसाने ओळखणे वेगळे. आम्ही अनेक वाड्यांतून दोन्ही भुंगे तळहातावर ठेवून विचारले आहे. शिंगवाला सर्वांनी ओळखला, सोंडवाला फार थोड्यांनी. याचे कारण उघड आहे. गेंड्या दिव्यावर येतो, तारेच्या आकड्याने भोकातून ओढून काढता येतो, पोरे त्याच्याशी खेळतात. सोंड्याचे सगळे आयुष्य झाडाच्या आत.

त्याची मादी झाडाची जखम हुंगत येते. ताज्या कापलेल्या माडातून जो रस झिरपतो आणि आंबू लागतो, त्याचा वास तिला दुरून ओढून आणतो. ज्यांच्या घराण्यात ताडी-माडी काढण्याचा धंदा होता त्यांना तो वास वेगळा सांगावयास नको. जखमेत सोंडेने लहान लहान खळगे करून ती अंडी घालते. जन्मभरात दोनशे आणि प्रसंगी त्याहून अधिक. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि अळ्या सरळ खोडाच्या गाभ्यात शिरतात. ही अळी पिवळट पांढरी, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, आणि तिला पाय मुळीच नाहीत. श्रोतेहो, बाकी काही विसरलात तरी एवढे ध्यानात ठेवा: खतात सापडलेली पायांची अळी गेंड्याची, किंवा हुमणीसारख्या त्याच्या एखाद्या नातलगाची, खोडात सापडलेली बिनपायाची अळी सोंड्याची. पहिली दिसली तर कोंबड्यांना घालावी. दुसरी दिसली तर झाड धोक्यात आहे.

एक ते तीन महिने ती अळी झाडाचे मांस खात बोगदे करते, मग काथ्यासारख्या तंतूंचा कोश विणून त्यात झोपते, आणि भुंगा होऊन बाहेर पडते. बाहेर पडावेच असेही नाही. आतच जोडी जमते, आतच पुन्हा अंडी पडतात, आणि एकाच झाडात पिढ्यांवर पिढ्या नांदतात. वर झावळ्या हिरव्या, पोयी येत आहेत, नारळ लागत आहेत, आणि आत खोडाचा भुसा झालेला. गाभा संपला की शेंडा कोसळतो. गेंड्या आपली हजेरी झावळीवर कातरून ठेवतो. हा काही ठेवीत नाही. निदान दुरून दिसेल असे काही ठेवीत नाही. जवळ गेल्यास मात्र तीन खुणा सापडतात. खोडावर बारीक छिद्रे आणि त्यांतून ओघळलेला तपकिरी, चिकट द्रव. छिद्राच्या तोंडाशी चावलेला तंतूंचा चोथा. आणि तिसरी, जिचा आम्ही आग्रह धरतो, ती आवाजाची. रात्री निजानीज झाल्यावर खोडाला कान लावावा. आत कुरकुर, करकर असा चावण्याचा आवाज येतो. अरबस्तानातील खजुरीच्या बागांत हाच आवाज पकडण्यासाठी विद्युत्‌यंत्रे वापरून पाहिली आहेत आणि वास घेण्यासाठी कुत्रीही शिकवली आहेत. आपल्या चार माडांसाठी आपला कान पुरेसा आहे.

कोवळ्या माडांवर त्याचा डोळा अधिक. वीस वर्षांच्या आतली झाडे, ज्यांचे खोड अजून मऊ आहे, ती आधी बळी पडतात. म्हणजे ज्यांना नुकते कोठे भरघोस नारळ लागू लागले तीच.

आता या दोघांचा एकमेकांशी संबंध काय ते पाहू. मैत्री नाही, करार नाही. पण गेंड्या गाभ्याकडे जे भोक पाडतो ते सोंड्याच्या मादीला तयार दार होते. ओली जखम, आंबणारा रस, कोवळा गाभा. तिला आणखी काय हवे? म्हणून गेंड्याचे नुकसान दहा टक्क्यांचे म्हणून दुर्लक्ष करणे परवडत नाही. भुरट्या चोराने फोडलेल्या खिडकीतून दरोडेखोर शिरावा, तसला हा मामला आहे.

परंतु दार उघडणारा गेंड्या एकटाच नाही. दुसरा आपणच. माडावर चढावयास सोपे जावे म्हणून खोडात खाचा पाडतात. पावसाळ्याआधी झावळ्या अंगावर पडू नयेत म्हणून त्या तासतात, आणि कंत्राटी गडी काम नीटनेटके दिसावे म्हणून हिरवी झावळी अगदी खोडाशी भिडवून कापतो. आवार कसे स्वच्छ दिसते! त्या प्रत्येक कापातून रस झिरपतो आणि पुढचे काम सोंड्याची मादी करते. हिरवी झावळी तोडणे भागच असेल तर खोडापासून निदान चार फूट देठ ठेवून तोडावी; अळी देठातून वाट काढीत खोडापर्यंत पोचण्याच्या आत देठ वाळून जातो. खोडाला जखम झालीच तर ती डांबराने बुजवावी. आणि खाचा तर पाडूच नयेत. माडावर चढणारे गडी मिळेनासे झाले हे खरे आहे. पण चढण्याची साधी यंत्रे आता मिळतात, आणि नारळ विकास मंडळाने २०११ सालापासून तरुणांना ती वापरण्याचे शिक्षणही दिले आहे. यंत्राला खाच लागत नाही.

जगभर या दोघांची जी कहाणी झाली, तीही थोडी सांगतो, कारण तीतून दोघांच्या स्वभावातला फरक अधिक उठून दिसतो. दोघेही मूळचे आपल्या बाजूचे, दक्षिण आणि आग्नेय आशियाचे. दोघांनाही परदेशी नेले ते माणसाने. गेंड्या पूर्वेला गेला. १९०९ साली सिलोनहून रबराची रोपे सामोआ बेटावर गेली, त्यांच्या मातीतून तो गेला, आणि तेथून पॅसिफिकमधल्या बेटांवर पसरला. माडावरच ज्यांचा संसार चालतो अशा त्या लोकांची दैना झाली. १९६० नंतर मलायात संशोधन करताना हूगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला गेंड्याला होणारा एक विषाणुरोग सापडला. १९६७ साली तो सामोआत सोडण्यात आला आणि भुंग्यांची संख्या झपाट्याने उतरली. या रोगाची खुबी अशी की आजारी भुंगा लगेच मरत नाही. तो खाणे कमी करतो, मादी अंडी घालीत नाही, पण दोघेही इकडून तिकडे उडत राहतात आणि खताच्या ढिगाऱ्यांतून रोग वाटीत फिरतात. पुढे आपल्या लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावरही हा उपाय करण्यात आला आणि तो लागू पडला. मात्र २००७ साली ग्वाम बेटावर जो गेंड्या पोचला त्याला हा रोग जुमानीत नाही असे आढळले, तेव्हा ती लढाई संपली असे म्हणता येत नाही.

सोंड्या गेला पश्चिमेला. १९८० नंतर तो आखातातील खजुरीच्या बागांत दिसू लागला, १९९२ साली मिसरात, आणि त्याच दशकात स्पेनमध्ये. खजुरीची रोपे आणि शोभेची मोठी झाडे मुळांसकट एका देशातून दुसऱ्या देशात जात, त्यांच्या पोटात बसून तो गेला. बाहेरून झाड हिरवेगार, तपासणाऱ्याला दिसणार काय? २०१७ साली राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेला या एका भुंग्यासाठी रोममध्ये अनेक देशांची बैठक बोलवावी लागली. गेंड्यावर चालला तसा रोगाचा उपाय याच्यावर आजवर चालला नाही, आणि त्याचे कारण आपल्या आता ध्यानात आले असेल. गेंड्याची पोरे सार्वजनिक उकिरड्यावर वाढतात. तेथे रोग पोचतो, हिरवी बुरशी पोचते, कोंबडी पोचते, आपला फावडाही पोचतो. सोंड्याची पोरे बंद खोलीत वाढतात. तरीही तो अजिंक्य आहे असे नव्हे. कॅनरी बेटांवर २००५ साली तो शिरला. झाडन् झाड तपासून, लागलेली झाडे नष्ट करून आणि बाहेरून झाडे आणणे थांबवून २०१६ साली तो तेथून निपटून काढल्याचे जाहीर झाले.

बेटावर जे जमते ते घोडबंदरला जसेच्या तसे जमणार नाही, हे आम्हांस कबूल आहे. येथे डोंगरउतारावर शिंदी आहे, ताड आहे. सोंड्याला ती झाडेही चालतात. पण पाऊस तोंडावर आला आहे, आणि गेंड्याचा जोर पावसाळ्यातच असतो, तेव्हा हातात असलेले दोन-अडीच महिने फुकट जाऊ नयेत.

पहिले काम खताच्या खड्ड्याचे. हल्ली इमारतींच्या आवारात पालापाचोळ्याचे खत करण्याची चांगली चाल पडली आहे, आणि ती मोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ढीग घातला आणि वर्षभर विसरला, तर ते गेंड्याचे बाळंतघर होते. अळीला वाढावयास तीन-चार महिने लागतात. म्हणून तीन महिन्यांच्या आत एकदा ढीग वरखाली करून अळ्या वेचल्या की पिढी खुंटली. शेणखताचा खड्डा पावसाआधी उपसून शेतात पसरावा. अळ्यांना मारणारी मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते, ती खड्ड्यात घालावी. शेंड्यात नवा चोथा दिसला तर आकड्याने भुंगा काढावा, आणि वरच्या दोन-तीन बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग मिसळून भरावी; ती भुंग्याला रुचत नाही.

सोंड्यासाठी आधी तपासणी. वीस वर्षांच्या आतला प्रत्येक माड महिन्यातून एकदा खोडाभोवती फिरून पाहावा, कान लावावा. रोग लवकर कळला तर खालची छिद्रे बुजवून वरच्या छिद्रातून औषध सोडण्याची रीत आहे आणि पुष्कळ झाडे तिने वाचतात. औषध कोणते व किती, हे मात्र दुकानदाराला विचारू नका. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. पालघरला नारळ विकास मंडळाचे प्रक्षेत्र आहे. तेथले लोक नीट सांगतात. आणखी एक सावधगिरी. भुंग्यांना वासाने ओढणारे कामगंधाचे सापळे आता बाजारात येतात. दोन माडांच्या मालकाने उत्साहाने असा सापळा माडालाच बांधला, तर आसपासचे सोंडे त्याच्या दारी गोळा होतील. आले तेवढे सगळे सापळ्यात पडतातच असे नाही. तो साऱ्या वस्तीने मिळून, माडांपासून दूर, मोजक्या संख्येने लावावयाचा असतो.

आणि जो माड गेला तो गेला, म्हणून तसाच उभा ठेवू नये. शेंडा पडलेल्या खोडात सोंड्याच्या अळ्या-कोष शिल्लक असतात. ते भुंगे होऊन शेजारच्या माडावर जातात. कापून कुंपणाशी टाकून ठेवले तर आणखी वाईट, कारण कुजणारा ओंडका हीच गेंड्याच्या मादीची आवडती जागा. सोंड्याने मारलेल्या झाडात गेंड्या जन्मतो, आणि तो पुढच्या झाडाला सोंड्यासाठी भोक पाडतो. २०२० च्या निसर्ग वादळात आणि २०२१ च्या तौक्ते वादळात कोकणात माड आडवे झाले, तेव्हा ओंडके लवकर हलवा म्हणून जाणकार सांगत होते ते याचसाठी. खोड उभे चिरावे, आतल्या अळ्या आणि कोष मारावे, लहान तुकडे करून कडक उन्हात वाळवावे. शहराच्या हद्दीत झाड तोडावयाचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ती मागताना अर्जात नुसते ‘वाळलेले झाड’ असे न लिहिता ‘सोंड्या भुंग्याने पोखरलेले’ असे स्पष्ट लिहावे, आणि जमल्यास छिद्रांचे छायाचित्र जोडावे.